दोन आण्यांचे नवेपण : पुंजयामिकी आणि आपली मुले

शाळेच्या स्मरणिकेत आठवणी असाव्यात, गुरुजनांविषयी कृतज्ञता असावी, हे योग्यच आहे. परंतु निवासी शाळा ही केवळ आठवणींची जागा नसते. पुढील वीस-पंचवीस वर्षांत आपली मुले कोठे उभी असतील, याचा विचार करण्याचीही ती जागा असते. म्हणून या लेखासाठी मी स्मरणिकेत सहसा न येणारा एक विषय निवडला आहे. पदवीच्या वर्गात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला पुंजयामिकी, म्हणजेच क्वांटम मेकॅनिक्स, प्रथमच भेटते. त्या विषयाच्या अगदी सुरुवातीला एक छोटे प्रकरण असते : तरंगफलने 'नॉर्मलाइझ' करणे आणि ती एकमेकांना 'ऑर्थोगोनल' करणे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, हे प्रकरण आपल्या मुलांना पाठ करण्यासाठी दिले जाते, स्वतःच्या हाताने घडवण्यासाठी दिले जात नाही. आणि ग्रामीण भागातील, पहिल्या पिढीतील विद्यार्थी भौतिकशास्त्रापासून दूर जातो तो बहुधा येथूनच. हे बदलणे आपल्या हातात आहे आणि त्याला पैसा फारसा लागत नाही.

हा प्रश्न साखऱ्यासारख्या गावी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. औंढा नागनाथच्या परिसरात 'लिगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याचे ठरले आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील अशाच दोन वेधशाळांनी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेली लहर प्रथमच टिपली. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ती वार्ता जगाला कळली आणि त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातील वेधशाळेला तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास अंतिम मंजुरी मिळाली. या वेधशाळेला चार-चार किलोमीटर लांबीच्या, एकमेकींशी काटकोन करणाऱ्या दोन भुजा असतात. त्या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला, तरी तो लेसर किरणांच्या साहाय्याने ओळखता यावा, अशी ही रचना असते.

आपल्या जिल्ह्यात जगातील सर्वांत सूक्ष्म मोजमाप करणारे यंत्र येत आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या यंत्राशी आपल्या मुलांचे नाते कोणते असणार आहे? त्या प्रकल्पाच्या फाटकावर पहारा करण्याचे, गाडी चालवण्याचे, बांधकामावर विटा उचलण्याचे काम आपल्याला मिळेलच. या कामांना कमी लेखण्याचा हेतू नाही. आपल्यापैकी अनेकांची घरे अशाच कामांवर उभी राहिली. परंतु नियंत्रण कक्षात बसून त्या लेसर किरणाची नस ओळखणाऱ्यांत साखऱ्याची, सेनगावची, कळमनुरीची मुलगी असणार की नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आज बी.एस्सी.च्या वर्गात घडत आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावी लागेल. वेधशाळेच्या भुजांत दोन आरशांमध्ये पुन्हापुन्हा परावर्तित होणाऱ्या लेसर किरणाचे आडवे स्वरूप ज्या फलनांनी मांडतात, त्यांचा आकार पुंजयामिकीतील सरल आवर्ती दोलकाच्या तरंगफलनांसारखाच असतो. त्यांना हर्माइट-गाउस फलने म्हणतात. त्या फलनांतील प्रत्येक फलन उरलेल्या सर्वांना ऑर्थोगोनल असते. किरण अक्षापासून थोडासा सरकला, की शून्य क्रमांकाच्या फलनात पहिल्या क्रमांकाचे फलन मिसळते. किती मिसळले, हे दोन फलनांचा गुणाकार करून त्याचे समाकलन केले की कळते. म्हणजे पदवीच्या विद्यार्थ्याला 'परीक्षेपुरते' वाटणारे गणित आपल्या जिल्ह्यातील वेधशाळेत रोजच्या कामाचे असणार आहे.

आता हे गणित आहे तरी काय, ते पालकांनाही समजेल अशा रीतीने सांगतो.

१९२६ साली एर्विन श्रोडिंगर यांनी सूक्ष्म कणांचे वर्तन सांगणारे समीकरण मांडले. त्या समीकरणातून कणाचे नेमके ठिकाण मिळत नाही, एक तरंगफलन मिळते. त्या फलनाचा अर्थ काय, हे त्याच वर्षी माक्स बॉर्न यांनी सांगितले : एखाद्या जागी फलनाच्या मूल्याचा वर्ग केला, की कण तेथे सापडण्याची शक्यता किती दाट आहे ते कळते. या अर्थबोधासाठी बॉर्न यांना १९५४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एकदा हा अर्थ मान्य केला, की पहिली अट आपोआप येते. एखादा विद्यार्थी वसतिगृहाच्या आवारात नक्की आहे, असे समजा. तो खोलीत असण्याची शक्यता निम्मी, अभ्यासिकेत असण्याची पाव आणि भोजनगृहात असण्याची पाव असेल, तर या सर्वांची बेरीज एक होते. ती पाऊण आली, तर मुलगा कोठे तरी हरवला आहे. सव्वा आली, तर आपला हिशेब चुकला आहे. तरंगफलनाच्या वर्गाची सर्व जागांवरील बेरीज एक आली पाहिजे, इतकाच 'नॉर्मलायझेशन'चा अर्थ. ती एक नसेल, तर फलनाला योग्य त्या संख्येने गुणून एक करून घ्यायची. कण कोठे तरी आहेच, या साध्या विधानाचे हे गणिती रूप आहे.

दुसरी अट 'ऑर्थोगोनल' असण्याची. मराठीत तिला लंबकोनी म्हणता येईल. गवंडीकाम करणाऱ्या पालकांना या शब्दाचा अर्थ प्राध्यापकांपेक्षा अधिक चांगला ठाऊक असतो. भिंत सरळ उभी आहे की नाही हे ते ओळंब्याने पाहतात आणि कोपरा काटकोनात आहे की नाही हे गुण्याने तपासतात. काटकोनाचे वैशिष्ट्य असे, की एका दिशेने कितीही चालले, तरी दुसऱ्या दिशेने तसूभरही सरकणे होत नाही. आपल्या भागात मे महिन्याच्या मध्यानंतर एक दिवस असा येतो, की भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो आणि अंगणातील सरळ खांबाची सावली नाहीशी होते. खांब तितकाच उंच असतो. जमिनीच्या दिशेने मात्र त्याचा वाटा शून्य असतो. खांब कलता असेल, तर त्या क्षणीही सावली पडते, आणि ती सावली म्हणजेच खांबाचा जमिनीच्या दिशेने असलेला वाटा.

तरंगफलनांच्या बाबतीतही हेच घडते. दोन फलनांचा जागोजागी गुणाकार करून सर्व जागांवर बेरीज घेतली, की एकाची दुसऱ्यावर पडणारी 'सावली' मिळते. ती शून्य असेल, तर ती दोन फलने लंबकोनी. याचा भौतिक अर्थ फार मोलाचा आहे : कण पहिल्या अवस्थेत असेल, तर तपासणीत तो दुसऱ्या अवस्थेत सापडण्याची शक्यता शून्य. म्हणजे त्या दोन अवस्था एकमेकींपासून पूर्णपणे वेगळ्या ओळखता येतात. आज ज्यांचा बोलबाला आहे त्या क्वांटम संगणकातील शून्य आणि एक या अवस्था याच अर्थाने लंबकोनी असतात. एप्रिल २०२३ मध्येच केंद्र सरकारने ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली, हेही येथे ध्यानात घ्यावे.

परंतु निसर्ग किंवा गणित आपल्या हाती नेहमी लंबकोनी फलने देत नाही. ती घडवावी लागतात. घडवण्याची रीत डेन्मार्कमधील विमा कंपनीत काम करणारे गणितज्ञ यॉर्गन ग्राम आणि जर्मन गणितज्ञ एर्हार्ट श्मिट यांच्या नावाने ओळखली जाते. श्मिट यांचा त्यासंबंधीचा निबंध १९०७ सालचा आहे. रीत अशी : पहिले फलन घ्या आणि त्याची बेरीज एक करा. दुसरे फलन घ्या, पहिल्यावर पडणारी त्याची सावली मोजा, ती वजा करा आणि जे उरेल त्याची बेरीज एक करा. तिसरे घ्या, आधीच्या दोघांवरील सावल्या वजा करा. असेच पुढे.

एक उदाहरण येथे पूर्ण करून दाखवतो. बारावीचे समाकलन येणाऱ्या विद्यार्थ्याने कागद-पेन्सिल घेऊन ते तपासावे. इतरांनी केवळ शेवटचा निष्कर्ष पाहावा.

एक एकक लांबीच्या पेटीत कण कोंडला आहे. त्याला भिंतींबाहेर जाता येत नाही, म्हणून दोन्ही भिंतींपाशी फलन शून्य असले पाहिजे. डाव्या भिंतीपासूनच्या अंतराला क्ष म्हणू. भिंतींपाशी शून्य होणारे सर्वांत साधे फलन म्हणजे क्ष × (१ − क्ष). त्याच्या वर्गाचे शून्य ते एक समाकलन केले, की १/३ − १/२ + १/५, म्हणजे १/३० मिळते. म्हणून फलनाला ३० च्या वर्गमुळाने गुणले, की बेरीज एक झाली. पहिले फलन तयार.

दुसरे फलन हवे. विद्यार्थी सहज म्हणेल, 'क्ष ने आणखी एकदा गुणू या.' म्हणजे क्ष × क्ष × (१ − क्ष). तेही दोन्ही भिंतींपाशी शून्य होते. दिसायला नवे आहे. त्याचा उंचवटा मध्यावर नाही, उजवीकडे झुकलेला आहे. पण ते पहिल्याला लंबकोनी आहे का? मूळ दोन फलनांच्या गुणाकाराचे समाकलन १/४ − २/५ + १/६, म्हणजे १/६० येते. शून्य नाही. पहिल्याच्या स्वतःच्या १/३० शी तुलना केली, तर हे निम्मे आहे. म्हणून दुसऱ्यातून पहिल्याचा निम्मा भाग वजा करायचा. उरते ते क्ष × (१ − क्ष) × (क्ष − १/२). हे नवे फलन पेटीच्या बरोबर मध्यावर शून्य होते. डावीकडे ऋण, उजवीकडे धन. त्याच्या वर्गाचे समाकलन १/८४० येते, म्हणून त्याला ८४० च्या वर्गमुळाने गुणायचे. दुसरेही फलन तयार झाले, आणि त्याची पहिल्यावरील सावली शून्य आहे.

आता निष्कर्ष पाहा. विद्यार्थ्याने 'नवे' म्हणून आणलेल्या त्या फलनात नवेपण किती होते? हिशेब केला तर सात अष्टमांश भाग पहिल्याच फलनाचा होता आणि केवळ एक अष्टमांश खरोखर नवा. जुन्या भाषेत सांगायचे तर सोळा आण्यांपैकी चौदा आणे जुने, दोन आणे नवे! ऊर्जेचा हिशेब केला की हे आणखी ठळक होते. एका ठराविक एककात या पेटीतील कणाची पहिली खरी ऊर्जापातळी सुमारे ४.९३ आणि दुसरी सुमारे १९.७४ आहे. आपल्या पहिल्या फलनाची सरासरी ऊर्जा ५ येते, म्हणजे खऱ्या उत्तराच्या अगदी जवळ. न सोललेल्या दुसऱ्या फलनाची सरासरी ऊर्जा ७ येते, जी दुसऱ्या पातळीच्या आसपासही नाही. सोलून काढलेल्या दोन आण्यांच्या फलनाची ऊर्जा मात्र २१ येते, ती १९.७४ च्या जवळ जाते. जुन्याचा वाटा प्रामाणिकपणे वजा केल्याखेरीज नवे काय आहे ते कळतच नाही. हे सारे एका दुपारी, एका वहीत, कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय करता येते.

मग वर्गात होते काय? फळ्यावर पेटीतील कणाचे तयार सूत्र येते. दोन भागिले लांबी, त्याचे वर्गमूळ, आणि पुढे साइन. विद्यार्थी ते उतरवून घेतो. ते फलन नॉर्मलाइझ्ड आहे हे सिद्ध करा, असा प्रश्न परीक्षेत येतो, सिद्धता पाठ असते, गुण मिळतात. हे साइन फलन आधीपासूनच लंबकोनी असल्याने सावली वजा करण्याची वेळ त्या विद्यार्थ्यावर कधी येतच नाही. तयार शर्ट अंगात घालणाऱ्याला शिवणकाम येते असे आपण म्हणत नाही. पुढे एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी, जॅम, नेट वा सेट परीक्षेसाठी बसल्यावर प्रश्नात अनोळखी फलन समोर येते आणि हात थांबतो. 'हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे' असा समज त्या थांबलेल्या हातातून जन्माला येतो. बुद्धीची उणीव नसताना केवळ सरावाच्या अभावी एक चांगला विद्यार्थी विषय सोडतो, ही हानी आपल्या समाजाला परवडणारी नाही.

दुसरा अडथळा भाषेचा. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला विद्यार्थी अकरावीत एकदम इंग्रजी परिभाषेत जातो. मी इंग्रजीच्या विरोधात नाही. विज्ञानाचे ग्रंथ त्याच भाषेत आहेत आणि ती आलीच पाहिजे. परंतु 'नॉर्मलाइझ' हा शब्द इंग्रजीत लिहिता येणे आणि त्याचा अर्थ कळणे या भिन्न गोष्टी आहेत. अर्थ ज्या भाषेत आपण विचार करतो त्याच भाषेत उमटतो. उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहावी, पण त्यापूर्वी 'तू आता काय केलेस ते मला मराठीत सांग' हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याला एकदा तरी विचारला जावा. ज्याला 'कण कोठे तरी असलाच पाहिजे म्हणून मी बेरीज एक केली' असे सांगता येते, त्याला तो पाठ पुन्हा विसरणे कठीण आहे.

आपली शाळा बौद्ध परंपरेतील आहे, म्हणून आणखी एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे मला आवश्यक वाटते. अलीकडे आपल्या व्याख्यानांतून आणि भ्रमणध्वनीवरील संदेशांतून असे सांगितले जाते, की क्वांटम भौतिकीने शून्यता सिद्ध केली, किंवा बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच पुंजसिद्धांत सांगितला होता. हेतू चांगला असेल, पण हा युक्तिवाद धम्मालाही न्याय देत नाही आणि विज्ञानालाही नाही. दोन विचारांत काही साम्य भासते, तेव्हा प्रथम सावली मोजावी लागते : समान भाग किती आणि भिन्न किती. ते न मोजता दोन्ही एकच म्हणणे म्हणजे न सोललेले फलन नवे म्हणून खपवणे होय. तथागतांच्या धम्माचे एक लक्षण 'एहिपस्सिको' असे सांगितले जाते. या आणि स्वतः पाहा, हे ते आमंत्रण. वर दिलेल्या उदाहरणात १/३० आणि १/८४० या संख्या मी सांगितल्या म्हणून मान्य करू नयेत. कागदावर करून पाहाव्यात. धम्म आणि विज्ञान यांचे खरे नाते या वृत्तीत आहे, शब्दांच्या ओढाताणीत नाही.

या नात्याचे एक उत्तम उदाहरण मराठी मातीतच आहे. गोव्यातील धर्मानंद कोसंबी घर सोडून निघाले आणि नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा प्रवास करीत पाली भाषेचे आणि बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित झाले. 'भगवान बुद्ध' हा त्यांचा ग्रंथ आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. त्यांचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ सालचा. इतिहासकार म्हणून ते आपल्याला परिचित आहेत, पण पेशाने ते गणितज्ञ होते. पुण्याच्या ज्या फर्ग्युसन महाविद्यालयात वडिलांनी पाली शिकवली होती, तेथेच पुत्राने गणित शिकवले. १९४३ साली दामोदर कोसंबींनी 'फलन-अवकाशातील संख्याशास्त्र' या विषयावर एक शोधनिबंध भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. अनियमित, यादृच्छिक रीतीने बदलणाऱ्या वक्राचे लंबकोनी फलनांत विघटन कसे करावे, जेणेकरून प्रत्येक घटकाचा वाटा दुसऱ्याशी संबंध न ठेवता स्वतंत्रपणे मोजता येईल, हा त्याचा गाभा. पुढे फिनलंडचे कारी कारहुनेन आणि फ्रान्सचे मिशेल लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला आणि बराच काळ तो केवळ त्यांच्या नावाने ओळखला गेला. आता त्या प्रमेयाला कोसंबींचेही नाव जोडले जाते. संदेशवहन, प्रतिमांचे विश्लेषण, द्रवांतील खळबळीचा अभ्यास अशा अनेक ठिकाणी ते वापरले जाते.

बौद्ध विद्वानाच्या पुत्राने लंबकोनी फलनांवर जागतिक दर्जाचे काम केले, ही घटना आपल्या मुलांना का सांगितली जात नाही? वडिलांनी मूळ पाली ग्रंथ स्वतः वाचण्यासाठी देशोदेशी पायपीट केली. पुत्राने गणित स्वतः घडवले. दोघांनीही ऐकीव गोष्टीवर भिस्त ठेवली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने १९५० साली औरंगाबादेत सुरू केलेले महाविद्यालय आज मिलिंद या नावाने ओळखले जाते. मिलिंद हा नागसेन भिक्खूंना प्रश्नामागून प्रश्न विचारणारा राजा. मराठवाड्यातील आपल्या उच्च शिक्षणाच्या पहिल्या मोठ्या वास्तूवर प्रश्न विचारणाऱ्याचे नाव आहे, हे विसरून चालणार नाही.

माझ्या या म्हणण्यावर एक रास्त आक्षेप येईल. ऊसतोडीला जाणाऱ्या, मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबांतील मुलांपुढे जेवण, शुल्क, वसतिगृह, नोकरी हे प्रश्न आहेत. त्यांना तरंगफलनांचे काय सांगता? या आक्षेपात तथ्य आहे. पोटाचा प्रश्न आधी, यात शंका नाही. निवासी शाळांचा जन्मच त्यातून झाला. परंतु निवारा आणि अन्न देऊन झाल्यावर शिक्षण कोणत्या प्रतीचे द्यायचे, हा प्रश्न उरतोच. गरिबाच्या मुलाला 'उपयोगापुरते' शिकवायचे आणि सखोल ते इतरांसाठी ठेवायचे, ही विभागणी आपल्या समाजाने शतकानुशतके सोसली आहे. ती आपण स्वतःच्या हाताने पुन्हा करू नये. शिवाय वेळेचा मुद्दा घेतला, तर वरील उदाहरण शिकवण्यास दोन तासिका पुरतात. अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या घाईत त्या दोन तासिका वाचवून पुढील दोन वर्षे गमावणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

यासाठी तीन गोष्टी सुचवतो. पहिली शाळेसाठी. आठवी ते दहावीच्या वर्गांत काटकोन, सावली आणि पायथागोरसचे प्रमेय हातांनी शिकवावे. गुण्या व ओळंबा घेऊन एखाद्या गवंडी पालकांनाच सन्मानाने वर्गात बोलवावे. तीन, चार, पाच फुटांच्या दोरीने काटकोन कसा काढतात ते त्यांनी दाखवावे. मे महिन्यातील शून्य सावलीचा दिवस सुट्टीत येतो, पण वसतिगृहात असलेल्या आणि गावातील मुलांना घेऊन तो पाहता येईल. लंबकोनी फलनाचे बीज येथेच पेरले जाते.

दुसरी गोष्ट माजी विद्यार्थ्यांसाठी. आपल्यापैकी जे भौतिकशास्त्र वा गणितात पदव्युत्तर शिक्षण घेऊन नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर, पुणे येथे अध्यापन करीत आहेत, त्यांनी महिन्यातील एक रविवार शाळेसाठी द्यावा. शाळेतून बाहेर पडून हिंगोली-सेनगावच्या महाविद्यालयांत बी.एस्सी. करणाऱ्या मुलांनी त्या दिवशी शाळेत यावे, फळ्याजवळ उभे राहून उदाहरण स्वतः सोडवावे आणि त्याचा अर्थ मराठीत सांगावा. व्याख्यान नको, सत्कार नको, हारतुरे नकोत. खडू मुलाच्या हातात असावा, एवढी एकच अट.

तिसरी गोष्ट पालकांसाठी. मुलगा वा मुलगी भौतिकशास्त्र घेऊन पदवी करीत असेल, तर 'किती गुण मिळाले' या प्रश्नाबरोबर 'या आठवड्यात स्वतःच्या हाताने काय सोडवलेस' हाही प्रश्न विचारावा. उत्तर समजले नाही तरी चालेल. विचारणारे कोणी आहे, एवढे मुलाला कळणे पुरेसे असते.

लिगो-इंडिया पूर्ण होण्यास अजून काही वर्षे लागतील. आज आपल्या शाळेत सातवी-आठवीत असलेली मुले तोवर पदवी घेऊन बाहेर पडलेली असतील. त्या वेधशाळेला माणसे लागतील, आणि ती माणसे ज्या गणिताने निवडली जातील त्याचा पहिला पाठ क्ष × (१ − क्ष) इतका साधा आहे. तो पाठ मुलांना तयार स्वरूपात न देता त्यांच्याकडून घडवून घेऊ या. शाळेच्या पुढील स्मरणिकेत औंढ्याच्या नियंत्रण कक्षातून एखाद्या माजी विद्यार्थिनीने लिहिलेला लेख असावा, ही अपेक्षा अवास्तव नाही. मात्र तिची तयारी या वर्षीच्या वहीत सुरू झाली पाहिजे.